पालाशाची भूक आणि सीझियम

मार्च 2011 मध्ये जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांतून सुटलेलं किरणोत्सारी सीझियम आसपासच्या भातखाचरांवर आणि डोंगरांवर बसलं. त्याच उन्हाळ्यात तिथे जागोजागी सूर्यफुलं लावली गेली. चेर्नोबिलजवळच्या तळ्यात तराफ्यांवर वाढवलेल्या सूर्यफुलांनी पाण्यातलं किरणोत्सारी द्रव्य शोषलं होतं, म्हणून ही आशा. जपानच्या कृषी मंत्रालयाने मोजून पाहिलं, तेव्हा मातीतल्या सीझियमचा जेमतेम दोन हजारावा भाग झाडांत आला होता.

पाण्यात जमलं ते मातीत का जमू नये? यात सूर्यफुलाचा दोष नाही. चिकणमातीचे कण म्हणजे थरावर थर, अभ्रकासारखे. या थरांच्या विसविशीत कडांमध्ये सीझियमचे आयन नेमके बसतात आणि अडकतात. मुळांना ते सहजी सुटत नाहीत. पाऊस पडला तरी फारसे खालीही जात नाहीत, म्हणून तर जपानने शेवटी वरची पाचेक सेंटिमीटर माती खरवडून काढली. जिथे चिकणमाती कमी आणि कुजलेला पालापाचोळाच जास्त, तिथे सीझियमला धरून ठेवणारं कोणी नसतं. वेल्सच्या अशाच दलदली कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्यांवरचे निर्बंध 1986 च्या चेर्नोबिल अपघातानंतर थेट 2012 मध्ये उठले!

मुळाला किरणोत्सार कळत नाही, त्याला कळते ती भूक. सीझियम हे पोटॅशियमचं, म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत पालाशाचं, भावंड. आवर्तसारणीत दोघं एकाच उभ्या स्तंभात. पालाश आत ओढणारी प्रथिनं सीझियमलाही वाट देतात, आणि मग ते पालाशासारखंच पानापासून दाण्यापर्यंत झाडभर फिरतं. स्ट्रॉन्शियम हे दुसरं किरणोत्सारी द्रव्य कॅल्शियमच्या वाटेने शिरतं. ते पानांत अडकून राहतं, दाण्यात कमी उतरतं. तिथे उपयोगी पडतो तो कॅल्शियम देणारा चुना.

फुकुशिमाचा तांदूळ सुरक्षित असल्याचं ऑक्टोबर 2011 मध्ये जाहीर झालं आणि पुढच्याच महिन्यात एका भागातल्या तांदळात किलोमागे 500 बेकरेलच्या (बेकरेल हे किरणोत्सार मोजायचं एकक) तेव्हाच्या मर्यादेपेक्षा जास्त सीझियम सापडलं. शोध घेतला तेव्हा दिसलं, की अशा तांदळाच्या बऱ्याच खाचरांत पालाशाचाच तुटवडा होता. पालाश मिळेना म्हणून मुळं सीझियम ओढत होती.

उपाय म्हणून शेतात पालाशाचं खत टाकलं. 100 ग्रॅम मातीत वापरता येण्याजोगं पालाश निदान 25 मिलिग्रॅम असावं, असं लक्ष्य ठेवलं. मला तरी या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत लोभस वाटते: कोट्यवधींची यंत्रं एकीकडे आणि खताची गोण एकीकडे. मर्यादा 100 बेकरेलवर आणून 2012 पासून तांदळाचं प्रत्येक पोतं तपासलं जाऊ लागलं. पहिल्या वर्षी सुमारे एक कोटी पोत्यांत 71 पोती मर्यादेबाहेर निघाली. 2015 च्या पिकापासून मात्र एकही नाही. अमोनियमचं खत अति झालं तर उलटा परिणाम होतो, कारण अमोनियम चिकणमातीच्या कडांत बसलेल्या सीझियमला बाहेर ढकलतो.

चहाची गंमत वेगळी. फुकुशिमापासून सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या मळ्यांतल्या कोवळ्या पानांतही सीझियम सापडलं, पण ते मातीतून आलंच नव्हतं. जुन्या पानांवर पडलेलं सीझियम पानांनीच शोषलं आणि नव्या पालवीला पोचवलं.

जंगलात खत कोण टाकणार? तिथे सीझियम पाचोळ्यातून बुरशीत, झाडात आणि पानगळीबरोबर पुन्हा पाचोळ्यात फिरत राहतं. सीझियम-137 या त्याच्या किरणोत्सारी प्रकाराचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, तीस वर्षांचं. फुकुशिमाच्या डोंगरांतली रानअळंबी म्हणूनच वर्षानुवर्षं विक्रीबंदीच्या यादीत राहिली.