खंदकाकाठची सहल: बोडियमला निघण्यापूर्वी एवढं वाचा

आमच्या बोडियम सहलीसाठी नाव नोंदवलंत की हा कागद तुमच्या हाती येतो. सुरुवातीच्या सहलींत आम्ही गाडीतच माइकवरून सगळं सांगायचो. पण मागच्या बाकावरच्या काकांना ऐकू यायचं नाही आणि पुढच्या बाकावरची पोरं झोपलेली असायची. म्हणून आता लिहूनच देतो. भारतातून आलेल्या आई-बाबांना आदल्या रात्री वाचून दाखवलंत तर उत्तम, कारण सगळ्यात जास्त प्रश्न तेच विचारतात.

बोडियमचा किल्ला इंग्लंडातल्या इस्ट ससेक्समध्ये, रॉदर नदीच्या खोऱ्यात आहे. चौकोनी, चारी कोपऱ्यांना गोल बुरूज आणि चहूबाजूंनी पाणी. आपल्याकडच्या पाहुण्यांना पहिल्यांदा भुईकोट आठवतो, परांड्याचा किंवा नगरचा. आठवण बरोबर आहे, पण तिथल्या खंदकाचं काम आणि इथल्याचं काम यांत फरक आहे. आमची सगळी सहल त्या फरकाभोवतीच फिरते.

इंग्रजीत खंदकाला ‘मोट’ म्हणतात. विहिरीवरच्या आपल्या मोटेशी त्याचं नातं नाही, तरी दोन्हीकडे पाणी आहेच! इंग्लंडात अशी खंदकवाली मध्ययुगीन ठिकाणं सुमारे 6,000 माहीत आहेत. त्यातली बहुतेक किल्ले नव्हेत, तर जमीनदारांची घरं. साधारण 1250 ते 1350 या काळात अशा खंदकांचं पेवच फुटलं होतं. मध्य आणि पूर्व इंग्लंडात त्यांची दाटी आहे, कारण तिथल्या चिकणमातीत पाणी आपसूक टिकतं. चर खणायचा, निघालेली माती आत टाकून घराची जागा उंच करायची, की झालं काम. शत्रूचं सैन्य रोखण्यापेक्षा चोरचिलट बाहेर ठेवणं आणि ‘या गावात आमचं घर वेगळं’ हे दाखवणं, हा त्यामागचा मुख्य हेतू असावा, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याकडे वाड्याचा दिंडी दरवाजा जे काम करायचा, तेच हे काम. शिवाय खंदकात मासेही पाळायचे. शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत मांस वर्ज्य, मासे मात्र चालत. उपवासाला मासे हे ऐकून गाडीत दर वेळी हशा पिकतो.

यातल्या कित्येक ठिकाणी आज घर उरलेलं नाही. गवताखाली एक चौकोनी खळगा, पावसाळी दिवसांत थोडं पाणी, कडेला मेंढ्या. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा-खात्याच्या नकाशावर तिथे जुन्या वळणाच्या अक्षरांत ‘मोट’ एवढंच लिहिलेलं असतं. ते दाखवायला गाडी थांबवली तर अर्धे लोक खाली उतरत नाहीत, हा अनुभव आहे. म्हणून आम्ही बोडियमला नेतो.

सर एडवर्ड डॅलिंग्रिज हा फ्रान्सच्या लढायांत नाव आणि पैसा कमावलेला सरदार. बोडियमची जहागीर त्याच्याकडे आली ती बायकोच्या माहेरकडून. 1385 साली दुसऱ्या रिचर्ड राजाने त्याला घराला तटबंदी करायची परवानगी दिली. कारण सांगितलं फ्रेंचांचं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं: 1377 साली फ्रेंचांनी जवळचं राय गाव जाळलं होतं. पण आता खंदकाकडे नीट बघा. सरासरी खोली दीड मीटरच्या आसपास. पाणी येतं झऱ्यांचं, आणि ते अडवून ठेवलंय मातीच्या बांधाने. शत्रूने तो बांध फोडला की खंदक रिकामा. त्यात किल्ल्यातले 28 संडास थेट याच पाण्यात उघडायचे. डॅलिंग्रिजच्या वेळी काठावर उभं राहून फोटो काढावासा वाटला असता का, याची शंकाच आहे.

मग हा किल्ला खरा की देखावा? यावर इथले विद्वान गेली कित्येक वर्षं भांडताहेत. 1988 साली एका पथकाने कुदळ न मारता नुसते आजूबाजूचे उंचवटे आणि खळगे मोजले. त्यांचं म्हणणं असं पडलं की पाहुण्याला तळ्यांच्या कडेकडेने फिरवत आणावं, किल्ला पाण्यात उलटा दिसावा आणि उत्तरेच्या टेकडीवरून तो न्याहाळता यावा, अशी ती सगळी आखणी होती. उलट बाजूचे लोक दरवाजावरच्या तोफांच्या झरोक्यांकडे बोट दाखवतात. आमचं मत विचाराल तर दोन्ही. लढाईवरून आलेल्या माणसाला घर किल्ल्यासारखं दिसावं असं वाटणारच, आणि शेजाऱ्यांनी ते बघावं असंही.

आज तुम्ही दरवाजाकडे सरळ चालत जाता. मूळ वाट तशी नव्हती. पश्चिमेच्या काठावरून लाकडी पुलाने पाण्यातल्या अष्टकोनी बेटावर यायचं आणि तिथे काटकोनात वळून दरवाजाकडे. हे बेट अजून आहे, त्यावर क्षणभर थांबा. 1970 साली खंदक कोरडा केला तेव्हा या जुन्या पुलाचे ओकचे तुकडे तळाशी सापडले.

सहाशे वर्षं लाकूड टिकतं कसं, हा प्रश्न हमखास येतो. तळाच्या गाळात हवा पोचत नाही. हवा नाही म्हणजे कुजवणारे जंतूही फार काही करू शकत नाहीत. म्हणून अशा खंदकांत चामड्याचे जोडे, लाकडी वाडगे, फळांच्या बिया, अगदी परागकणसुद्धा मिळतात. परागकणांवरून आसपास काय उगवत होतं ते कळतं आणि लाकडाच्या वलयांवरून झाड कधी तोडलं ते. मात्र गाळ थराथराने राहिला असेल तरच. पूर्वी मालक लोक खंदक अधूनमधून उपसायचे, आणि त्याबरोबर जुना पुरावाही शेतात पसरून जायचा.

बोडियमचा गाळ उपसणाऱ्यांत एक नाव आपल्या ओळखीचं आहे: लॉर्ड कर्झन. हो, तोच, 1905 च्या बंगालच्या फाळणीचा. भारतात असताना त्याने 1902 साली जॉन मार्शलला पुरातत्त्व खात्याचा प्रमुख म्हणून आणलं आणि 1904 साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला. इंग्लंडात परतल्यावर 1911 मध्ये लिंकनशरमधला टॅटरशॉलचा किल्ला विकत घेऊन वाचवला. तोही खंदकवालाच. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात बोडियम घेतला, खंदक कोरडा करून साफ केला आणि पडझड सावरली. 1925 मध्ये तो वारल्यावर मृत्युपत्राप्रमाणे दोन्ही किल्ले नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे गेले. आमच्या एका पाहुण्या आजोबांनी हे ऐकून बराच वेळ खंदकाकडे पाहिलं आणि म्हणाले, “चला, एक तरी काम धड केलं.”

किल्ल्याच्या आत छपरं नाहीत, भिंती आहेत. स्वयंपाकघराच्या मोठ्या चुली आणि दरवाजातली जुनी लोखंड मढवलेली लाकडी जाळी चुकवू नका. बाहेर येता-जाता काँक्रीटची एक बसकी खोली दिसेल. ती 1940 सालची, जर्मन उतरतील या भीतीने बांधलेली.

आता सूचना. जमिनीवर खापराचा तुकडा दिसला तर उचलू नका, मुलांनाही सांगा. कुठे काय पडलंय, यावरूनच अभ्यासकांना अर्थ लागतो. मेटल डिटेक्टर आणू नका. संरक्षित स्थळी परवानगीशिवाय तो वापरणं हा इथे गुन्हा आहे. खंदकातले कार्प मासे चांगले जाडजूड आहेत, त्यांना तुमच्या डब्यातल्या धपाट्याची गरज नाही. डबा आपापला आणा, चहा आम्ही देतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बुरूज चढू नये, खालूनही पुष्कळ दिसतं.

पावसातही सहल होते. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, बुरुजाच्या गोल जिन्यात छत्री अडकते आणि मागची सगळी रांग थांबते.