सुब्रत मित्र: कापडाच्या आभाळाखालचा उजेड

सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ या चित्रपटातलं बनारसचं घर पाहताना ते स्टुडिओतलं आहे असं कुठेही वाटत नाही. मधोमध चौक, वर मोकळं आभाळ आणि भिंतींवर उतरत जाणारा मऊ, सावली नसलेला उजेड. प्रत्यक्षात हा चौक कोलकात्याच्या स्टुडिओत उभारला होता आणि चित्रपटाच्या छायालेखकाचा (कॅमेरामनचा), सुब्रत मित्रांचा, तसं करण्याला ठाम विरोध होता.

मित्रांचा जन्म १९३०चा. फ्रेंच दिग्दर्शक जाँ रन्वार बंगालमध्ये ‘द रिव्हर’ चित्रित करायला आले, तेव्हा कॉलेजात शिकणारा हा मुलगा सेटवर नुसता बघायला जात असे. दिवे कुठे आहेत, नट कुठे उभे आहेत, कॅमेरा कसा सरकतो, हे सगळं तो वहीत आकृत्या काढून टिपून ठेवी. जाहिरात कंपनीत नोकरी करणारे सत्यजित राय आणि कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांच्याशी त्याची ओळख झाली ती याच काळात. पुढे १९५२ साली ‘पथेर पांचाली’ सुरू झाला तेव्हा रायांनी छायालेखनासाठी याच मुलाला घेतलं. त्याने तोवर सिनेमाचा कॅमेरा एकदाही चालवला नव्हता. रायांच्या या धाडसाचं मला आजही नवल वाटतं.

त्या चित्रपटाचा बराचसा भाग बोडाल गावात, खऱ्या घरात आणि खऱ्या उन्हात झाला. खरा पेच आला तो ‘अपराजितो’च्या (१९५६) वेळी. पावसाळ्याच्या धास्तीने चंद्रगुप्तांना चौकाचा सेट स्टुडिओत हवा होता. आभाळातून येणारा पसरट उजेड दिव्यांनी साधणार नाही, असं मित्रांचं म्हणणं. ते रास्तच होतं. तेव्हाची रीत म्हणजे नटांवर थेट दिवे रोखायचे. त्यात एकेका माणसाच्या दोन-दोन, तीन-तीन सावल्या पडत आणि घरात सूर्य नेमका कुठे आहे ते कळत नसे.

मित्रांचं कुणी ऐकलं नाही. मग त्यांनी चौकावर, जिथे आभाळ असायला हवं तिथे, पांढरं कापड ताणून बांधलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. उजेड कापडावर आपटून, विखरून खाली आला. आज याला बाउन्स लाइटिंग म्हणतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनचे थोर छायालेखक स्वेन न्यूक्विस्त यांच्या अशाच प्रकाशाची जगभर वाहवा झाली. मित्र तो त्याआधीच वापरत होते, याची आठवण खुद्द रायांनी करून दिली आहे.

माझ्या मते मित्रांचं मोठेपण या युक्तीपेक्षा त्यामागच्या हट्टात आहे. या जागी, या घटकेला उजेड कुठून येईल, हा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही. ‘चारुलता’मधल्या (१९६४) बंगल्याच्या खोल्यांत बाहेरची दुपार जाणवते ती त्यामुळेच. दार्जिलिंगला केलेल्या ‘कांचनजंघा’त (१९६२) तर ऊन, ढग, धुकं आणि पुन्हा ऊन हा क्रम कथेच्याच चालीने येतो. रायांचा हा पहिला रंगीत चित्रपट. ऊन असेल तर उन्हाचा प्रसंग आणि धुकं उतरलं की धुक्याचा, अशा बेताने तो चित्रित झाला.

दोघांनी मिळून दहा चित्रपट केले. पुढे राय कॅमेरा स्वतःच चालवू लागले आणि ‘नायक’नंतर (१९६६) वाटा वेगळ्या झाल्या. रायांच्या चित्रपटांखेरीज मित्रांनी ‘तीसरी कसम’ केला, दिग्दर्शक जेम्स आयव्हरी आणि निर्माते इस्माइल मर्चंट यांच्यासाठी ‘शेक्सपिअरवाला’ आणि मुंबईत घडणारा ‘बॉम्बे टॉकी’ केला. डोळ्याच्या दुखण्याने मध्ये त्यांची कामं हातची गेली होती. ‘न्यू दिल्ली टाइम्स’साठी (१९८६) राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण चित्रपटांची संख्या मात्र थोडकीच राहिली. २००१ साली ते गेले. अखेरची काही वर्षं ते कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म संस्थेत छायालेखन शिकवत होते.