वढाय : उभ्या पिकातून कवितेत आलेला शब्द

‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ ही बहिणाबाई चौधरींची ओळ महाराष्ट्राला पाठ आहे. ‘वढाय’चा अर्थ विचारला, की बहुतेक जण ‘चंचल’ म्हणून मोकळे होतात. माझ्या मते एवढ्यावर भागत नाही.

‘वढाय’ म्हणजे ओढाळ. जळगावकडच्या लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो : डोळा तो डोया, कळस तो कयस. शब्दारंभीच्या ‘ओ’चा ‘व’ तर खेड्यापाड्यांत सगळीकडेच ऐकू येतो. ढोर म्हणजे गुरं. या बोलीत त्यात शिवी नाही.

ओढाळ जनावर नुसतं भटकत नाही. त्याला पिकाची चव लागलेली असते. कळप सोडून ते नेमकं दुसऱ्याच्या शेतात शिरतं, हाकललं तरी बांधावरून परत वळतं. म्हणून त्याच्या गळ्यात लोढणं अडकवायचे. पळू लागलं की लाकडाचा तो ओंडका पुढच्या पायांवर आपटायचा. तरीही पिकात सापडलं, तर रवानगी कोंडवाड्यात आणि मालकाला दंड. इंग्रजांनी १८७१ मध्ये त्यासाठी कायदाच केला होता. बहिणाबाईंचा जन्म १८८०चा, आसोद्याचा. शेतकऱ्याच्या घरात असं जनावर ही रोजची डोकेदुखी होती.

साहित्यात हा शब्द त्यांच्या फार आधीपासून आहे. ‘ओढाळाच्या संगें सात्विक नासलीं’ असं तुकोबा म्हणतात. एका ओढाळापायी चांगली गुरंही बिघडतात, तशी कुसंगतीची गत. तिथे दोष लोकांच्या संगतीचा आहे. ‘ओढाळ वासरू रानी आले फिरू’ या शाळेतल्या कवितेत शब्द मऊ होतो, कारण वासरू अजाण आहे. बहिणाबाईंनी मात्र ते ढोर थेट माणसाच्या आत आणून सोडलं.

पुढच्या कडव्यांत मन ‘मोकाट’ आहे, मग ‘उंडारलं’ आहे. हे तिन्ही शब्द गुरांचे, पण एकाच अर्थाचे नाहीत. मोकाट म्हणजे दावं नसलेलं. उंडारणं म्हणजे वाटेल तिकडे हिंडणं. वढाय ढोराला मात्र कुठे जायचं ते पक्कं ठाऊक असतं. ‘किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर’ या ओळीतला थकवा तिथून येतो. ‘चंचल’ म्हटलं की मनाची ही हाव आणि राखणदाराची दमछाक, दोन्ही हातची जातात.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचलेल्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि आणखी एका नातलगाने ऐकून उतरवून घेतल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापली गेली. ‘वढाय’ची ‘ओढाळ’ अशी शुद्धी कुणी केली नाही, हे फार मोलाचं झालं.