पायथनमधलं स्ट्रिक्ट टाइप चेकिंग

कोड न चालवता, नुसता वाचूनच कुठं आकडा आहे, कुठं मजकूर आहे नि कुठं काहीच नाही याचा मेळ लावायचा आणि चुका पकडायच्या, याला स्टॅटिक टाइप चेकिंग म्हणतात, आणि त्याचा कडक प्रकार म्हणजे स्ट्रिक्ट. टाइप हिंट्स, म्हणजे कुठं कुठल्या प्रकारची किंमत येणार याच्या कोडमध्येच लिहिलेल्या खुणा, पेप ४८४ या पायथन-सुधारणेच्या प्रस्तावातून २०१५ साली पायथन ३.५ मध्ये आल्या, पण पायथन स्वतः त्या तपासत नाही, चुकीची हिंट लिहिली तरी प्रोग्रॅम बिनधास्त पळतो. तपासायला वेगळं टूल लागतं: युक्का लेहतोसालोने सुरू केलेलं मायपाय, नाहीतर मायक्रोसॉफ्टचं पायराइट.

मायपायमध्ये पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या सेटिंगच्या फाइलीत स्ट्रिक्ट ट्रू केलं की झालं. खरा फायदा इथं आहे, कारण हिंट नसलेल्या फंक्शनच्या आत मायपाय एरवी डोकावतच नाही, म्हणजे ननवाली (किंमतच नसलेली) चूक तिथंच निवांत बसलेली असते; स्ट्रिक्टमध्ये असं बिनहिंटचं फंक्शनच चालत नाही. नुसतं लिस्ट लिहून भागत नाही, कशाची लिस्ट तेही सांगायचं. जुन्या कोडबेसवर पहिल्या दिवशी एररचा पाऊस पडणारच, तेव्हा जुने मॉड्यूल (कोडच्या फाइली) त्याच सेटिंगमधल्या ओव्हरराइड्समध्ये इग्नोर एरर्स लावून बाजूला ठेवायचे नि एकेक मोकळं करायचं. कधीच न चालणारा कोड दाखवणारं वॉर्न अनरीचेबल मात्र स्ट्रिक्टमध्ये येत नाही, ते वेगळं लावा.

आता बेळगाव सीमाभागातली गोची बघा. खानापूर-निपाणीकडं कुणाची थोडी जमीन इकडं कर्नाटकात, थोडी तिकडं महाराष्ट्रातल्या चंदगड-कागलात असते की. इकडच्या उताऱ्यावर एकर-गुंठे, तिकडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर. दोन्हीकडं २.२० लिहिलेलं असलं तर इकडं ते २ एकर २० गुंठे म्हणजे अडीच एकर, आणि तिकडं जवळपास ५.४४ एकर! कोडमध्ये दोन्ही फ्लोट, म्हणजे नुसते दशांशातले आकडे, त्यामुळं स्ट्रिक्ट असूनही मायपाय खुशाल 'सक्सेस' म्हणून मोकळं. त्यात फ्लोट केला की २.२० चा २.२ होतो, मग गुंठे २ होते का २० कोण सांगणार?

न्यूटाइप, म्हणजे जुन्याच टाइपला वेगळं नाव द्यायची सोय, वापरून एकर नि हेक्टर असे दोन वेगळे टाइप केले तर अर्धं काम होतं. एकर मागणाऱ्या फंक्शनला हेक्टर दिलं की एरर येते, पण दोघांची थेट बेरीज केली तर ती गपचूप नुसती फ्लोट होते, आणि ती पुढं एकर म्हणून द्यायला गेल्यावरच मायपाय ओरडतं. त्यापेक्षा एकर आणि गुंठे वेगवेगळे पूर्णांक ठेवणारा छोटा डेटाक्लास (नावाच्या खान्यांत माहिती ठेवणारा आपला स्वतःचा टाइप) बरा, हेक्टर-आरचा वेगळा. त्यांच्यात बेरीज लिहिलेलीच नसते, त्यामुळं अधिकच्या चिन्हावरच एरर पडते.