गडगडाटाने अंडी खराब होत नाहीत

वळवाचा गडगडाट झाला की खुडुक, म्हणजे उबवायला बसलेल्या कोंबडीखालची अंडी वाया जातात, म्हणून टोपलीत लोखंडी खिळा किंवा कोळसा ठेवायचा, हा समज गावोगावी आहे. आवाजाने गर्भ मरत नाही आणि खिळा त्याला वाचवत नाही.

खरं कारण बहुतेक वेळा पावसाच्या आधीच घडलेलं असतं. मे महिन्यात पत्र्याखाली पंधरा-पंधरा दिवस साठवलेली अंडी! एवढ्या उकाड्यात गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि दुबळा होऊन मरतो. दोष मात्र ढगाला.

उन्हाळ्यात चार-पाच दिवसांच्या आतलीच अंडी घ्या, तीही माठाजवळच्या गार जागी ठेवलेली. गावरान कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. टोपलीत कोरडं भाताचं तूस घाला, ओल लागू देऊ नका.

सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे मोबाइलचा टॉर्च धरा. कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत. नुसतं लाल कडं दिसलं तर मेलेला. काहीच नाही, म्हणजे बहुधा अंडं फळलेलंच नव्हतं, कोंबडा ठीक आहे का ते बघा. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नका.