रिक्वेस्ट बॉडी आणि ॲनोटेशन: एका ओळीमागची वाटचाल

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यासाठी आम्ही मागणी नोंदवण्याची वेब सेवा लिहिली, तेव्हा व्यापाऱ्याच्या मोबाइलवरून आलेली पहिलीच मागणी शून्य नगांची नोंदली गेली. ॲपमधून आकडा ‘नगसंख्या’ या नावाने येत होता आणि आमच्या जावा क्लासमध्ये, म्हणजे माहितीच्या साच्यात, त्या फील्डचे (रकान्याचे) नाव ‘नग’ होते. सर्व्हरने कोणतीही तक्रार केली नाही. विनंतीसोबत येणारा मजकूर म्हणजे तिची बॉडी. ती घेणाऱ्या मेथडच्या (कोडमधल्या एका कामाच्या) पॅरामीटरआधी, म्हणजे तिला मिळणाऱ्या मूल्याआधी, स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचे @रिक्वेस्टबॉडी हे ॲनोटेशन लिहिले की पुढचे सगळे आपोआप होते, अशी आमची समजूत होती. हे ‘आपोआप’ कसे घडत गेले ते पाहिले, तरच ही चूक नेमकी कोठे झाली ते कळते.

१९९५ मध्ये एचटीएमएल २.० चे प्रमाण ठरले, त्या काळात सर्व्हरकडे येणारी बॉडी म्हणजे बहुतेक वेळा भरलेला फॉर्म असे. नाव आणि मूल्य यांच्या जोड्या एकापुढे एक गुंफलेल्या. १९९७ मध्ये आलेल्या जावा सर्व्हलेटने (सर्व्हरवर विनंत्या हाताळण्याच्या जावातील सोयीने) या जोड्या नावाने मागण्याची सोय दिली. बॉडीत फॉर्मऐवजी दुसरे काही असेल, तर मात्र प्रोग्रामरला इनपुट स्ट्रीम उघडून बाइट वाचावे लागत, अक्षरसंच ओळखावा लागे आणि त्यातून ऑब्जेक्ट स्वतः उभे करावे लागे. शिवाय हा प्रवाह सामान्यतः एकदाच वाचता येतो. नोंदी ठेवणाऱ्या फिल्टरने बॉडी आधी वाचून टाकली, तर मूळ मेथडच्या हाती रिकामा प्रवाह येतो. ही अट आजही कायम आहे, आणि नवशिक्यांचे कित्येक तास तिच्यापायी जातात.

२००० मध्ये सोप १.१ (एक्सएमएलमधून संदेश पाठवण्याची पद्धत) ची टिपणी आणि रॉय फील्डिंग यांचा रेस्ट या वेब सेवांच्या रचनाशैलीविषयीचा प्रबंध या दोन्ही गोष्टी पुढे आल्या, तर २००६ मध्ये जेसन या माहिती लिहिण्याच्या साध्या मजकुरी स्वरूपाचे वर्णन आरएफसी ४६२७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदले गेले. बॉडीत आता फॉर्मपेक्षा एक्सएमएल आणि जेसनचे दस्तऐवज अधिक येऊ लागले. हाताने वाचण्याचे काम त्यामुळे वाढतच गेले.

दरम्यान जावा भाषेतच एक मोठा बदल झाला होता. एक्सएमएलच्या लांबलचक फायलींना कंटाळलेले प्रोग्रामर एक्सडॉकलेटसारख्या साधनाच्या मदतीने कोडमधल्या टिप्पण्यांतच @ चिन्हाने सूचना लिहीत असत. २००४ मध्ये जावा ५ ने ॲनोटेशनला भाषेच्या व्याकरणातच जागा दिली. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी, कारण ती शिकवताना बहुधा राहून जाते: ॲनोटेशन ही केवळ चिठ्ठी आहे, ती स्वतः काहीही करत नाही. ती वाचून त्याप्रमाणे वागणारे कोणीतरी असावे लागते, आणि वेब सेवेत ते काम फ्रेमवर्क, म्हणजे सेवेचा तयार सांगाडा, करते.

२००७ च्या स्प्रिंग २.५ ने कंट्रोलर (विनंत्या हाताळणारा क्लास) आणि पत्ता जोडण्याची ॲनोटेशने दिली, पण बॉडीसाठी वेगळे चिन्ह अजून नव्हते. २००८ मध्ये जॅक्स-आरएसने (जावातील वेब सेवांच्या प्रमाणाने) ठरवले की ज्या पॅरामीटरवर कोणतेही ॲनोटेशन नाही, तोच बॉडीचा मानायचा. डिसेंबर २००९ मधील स्प्रिंग ३.० ने उलट मार्ग घेऊन @रिक्वेस्टबॉडी आणले. मला हा दुसरा मार्ग अधिक योग्य वाटतो. कोड वाचणाऱ्याला बॉडी कोठे उतरते ते शोधावे लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या २०१२ च्या एएसपी डॉट नेट वेब एपीआयमध्ये ‘फ्रॉमबॉडी’ आले, आणि तेथेही एका मेथडचा एकच पॅरामीटर बॉडीतून घेता येतो, कारण प्रवाह एकदाच वाचायचा असतो.

स्प्रिंगमध्ये या चिठ्ठीमागे मेसेज कन्व्हर्टरांची, म्हणजे बॉडीचे ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करणाऱ्यांची, रांग असते. विनंतीच्या कंटेंट-टाइप हेडरमधील प्रकार आणि पॅरामीटरचा क्लास दाखवून प्रत्येकाला क्रमाने विचारले जाते की हे तुला वाचता येईल का. जो पहिला होकार देतो, तो वाचतो. कोणीच होकार दिला नाही तर ४१५ (हा प्रकार चालत नाही), आणि जेसनची रचनाच मोडलेली असेल तर ४०० (विनंती चुकीची) असा त्रुटीचा क्रमांक उत्तरात जातो. जेसनसाठी हे काम सहसा जॅक्सन लायब्ररी करते. जॅक्सन २ मुळात अनोळखी फील्ड नाकारते, पण स्प्रिंग बूट या स्प्रिंगच्या तयार मांडणीत ही कडक अट बंद ठेवलेली आहे, जेणेकरून पाठवणाऱ्याने एखादे नवे फील्ड जोडल्यास जुनी सेवा कोलमडू नये. आमची ‘नगसंख्या’ त्यामुळेच गुपचूप वगळली गेली, आणि ‘नग’ हा साधा इंट (रिकामा राहू न शकणारा पूर्णांक) असल्याने त्यात शून्य राहिले.

वाचणे आणि तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत. २००९ मध्ये बीन व्हॅलिडेशन या मूल्ये तपासण्याच्या जावा पद्धतीचे प्रमाण आले आणि २०११ च्या स्प्रिंग ३.१ पासून @रिक्वेस्टबॉडीच्या जोडीला @व्हॅलिड लिहिता येऊ लागले. आम्ही इंटऐवजी रिकामाही राहू शकणारा इंटिजर वापरला, त्यावर @नॉटनल (रिकामे चालणार नाही) आणि किमान एकची अट घातली आणि पॅरामीटरवर @व्हॅलिड लिहिले. तीच मागणी जुन्याच नावाने पुन्हा पाठवली, तेव्हा ४०० चे उत्तर आले आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘नग’ या फील्डचे नाव स्पष्ट उमटले. संध्याकाळपर्यंत ॲपमधले नाव दुरुस्त झाले.