प्लॅस्टिकची चाचणी: तोडून की ध्वनीने?

प्लॅस्टिकच्या यांत्रिक चाचण्या धातूंच्या चाचण्यांवरून घेतल्या गेल्या. डंबेलच्या आकाराचा नमुना यंत्राच्या जबड्यांत धरून तुटेपर्यंत ओढायचा, किंवा खाच पाडलेल्या पट्टीवर लोलकाचा हातोडा सोडायचा. अल्ट्रासाउंडचे स्पंद सोडून प्रतिध्वनी टिपणारी उपकरणेही 1940च्या दशकात धातूंतील दोष शोधण्यासाठीच आली आणि नंतर पॉलिमरकडे वळली.

खरा वाद पेटला तो स्थितिस्थापकता गुणांकावरून, म्हणजे पदार्थ किती ताठर आहे हे सांगणाऱ्या आकड्यावरून. पदार्थाची घनता आणि त्यातील ध्वनीचा वेग ठाऊक असला की हा गुणांक गणिताने निघतो आणि नमुना शाबूत राहतो. पोलादात दोन्ही पद्धतींची उत्तरे जवळपास जुळतात, ॲक्रिलिकमध्ये मात्र नाही. त्यात दाबाच्या लहरी सेकंदाला सुमारे 2,700 मीटर आणि कर्तन लहरी (ज्यांत कण लहरीच्या दिशेला आडवे हलतात) सुमारे 1,400 मीटर वेगाने जातात. त्यावरून गुणांक 6 गिगापास्कलच्या आसपास येतो, तर ओढून मोजल्यास 3च्या आसपास. याचे कारण मोजणीच्या चुकीत नसून काळात आहे: ताण चाचणीत प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्यांना सरकायला काही सेकंद मिळतात, तर 1 मेगाहर्ट्झच्या लहरीत पुरता मायक्रोसेकंदही मिळत नाही, म्हणून पदार्थ अधिक ताठर भासतो.

प्रमाणपद्धती ठरवणाऱ्यांनी 0.05 ते 0.25 टक्के विकृतीदरम्यानचा (विकृती म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत झालेली वाढ), सावकाश ओढून मिळालेला ताण-विकृती आलेखाचा उतार अधिकृत गुणांक मानला. आराखडा करणाऱ्याच्या दृष्टीने हे रास्तच होते, कारण खुर्ची किंवा नळ मेगाहर्ट्झने हलत नाही. पण त्यामुळे ध्वनीने मिळालेला आकडा ‘फुगलेला’ ठरवला गेला, हे अन्यायाचे झाले. एका ठरावीक गुणकाने तो दुरुस्त करण्याचा मार्गही तोकडाच, कारण तापमान किंवा ग्रेड बदलली की गुणक बदलतो. एपॉक्सी (द्रवरूपातून कडक होणारे राळ) घट्ट होत असताना त्याच नमुन्यावर पुन्हा पुन्हा मोजणी करायची असेल, तर तोडण्याची पद्धत निरुपयोगीच असते.

पॉलिएथिलीनच्या गॅसवाहिन्या रूढ झाल्यावर वादाचे केंद्र जोडांवर सरकले. तापवून टोकाला टोक दाबून केलेल्या जोडातील पोकळी किंवा अडकलेला कचरा आजची बहुघटकी प्रोब (अल्ट्रासाउंड सोडणारे व टिपणारे अनेक छोटे घटक असलेले साधन) बहुधा दाखवते. परंतु पृष्ठभाग पुरेसे न वितळता झालेला ‘थंड’ जोड लहरीला अखंडच वाटू शकतो, कारण तेथे प्रतिध्वनी देईल अशी फट नसते. असा जोड कापून ओढला, की तो ताणला न जाता सांध्यावरच सपाट, ठिसूळ तुटतो. म्हणूनच जोडणीची पद्धत मंजूर करताना काही जोड कापून तपासण्याची अट अजून टिकून आहे.